रस्ता कोणाच्या पैशाचा, बरकत कोणाच्या धंद्याची?
मलकापूरच्या व्यापाऱ्यांनी व कारागिरांनी मांडून पाहावा असा हिशेब

धंद्याच्या गोष्टी निघाल्या की भांडवल, माल, गिऱ्हाईक आणि उधारी या चार विषयांवर आपण तासन्‌तास बोलतो. रस्त्याचा विषय मात्र पावसाळ्यात खड्डे पडले म्हणजे निघतो आणि मुरूम टाकून खड्डे बुजवले की विसरला जातो. वास्तविक रस्ता हेही भांडवलच आहे. फरक इतकाच की हे भांडवल एकट्याचे नसते, सगळ्या गावाचे असते. म्हणूनच ते कोण घालतो, कोठे घालतो आणि त्याची वसुली कोणाकडून होते, हे प्रत्येक दुकानदाराने व कारागिराने समजून घेतले पाहिजे. उद्योग वाढावेत म्हणून शहराने स्वतः पैसा उभा करून रस्ते बांधावेत काय, हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यात नुसता चर्चेचा राहिलेला नाही. कोल्हापूर शहराने त्याची किंमत मोजली आहे. मलकापूरसारख्या छोट्या गावाने त्यातून काय घ्यावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम एक खुलासा. महाराष्ट्रात मलकापुरे अनेक आहेत. बुलढाणा जिल्ह्यातले मलकापूर कापसाच्या बाजारामुळे प्रसिद्ध आहे, तर कऱ्हाडला लागून असलेले मलकापूर चोवीस तास पाणीपुरवठ्यामुळे गाजले. आम्ही बोलतो आहोत ते शाहूवाडी तालुक्यातल्या, शाळी नदीकाठच्या मलकापूरविषयी. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघाले की सुमारे ४५ किलोमीटरवर हे गाव लागते आणि पुढे आंबा घाट उतरला की कोकण. गावाची वस्ती पाच हजारांच्या आसपास, पण नगरपरिषद स्वतंत्र. जिल्ह्यातल्या सर्वांत लहान नगरपरिषदांत पन्हाळ्याच्या बरोबरीने मलकापूरचे नाव घ्यावे लागते. घरे थोडी असली तरी बाजार मोठा आहे, कारण आजूबाजूच्या डोंगराळ वाड्यावस्त्यांची खरेदी-विक्री येथेच होते.

बाजार रस्त्यावर वसतो

मलकापूर हे विशाळगड जहागिरीचे ठाणे होते. परंतु नुसत्या ठाण्याने बाजारपेठ होत नसते. ती झाली घाटरस्त्यामुळे. कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची आणि देशावरून गूळ, मिरची, तंबाखू खाली जायची. बैल आणि माणसे घाट चढून आली की जेथे थांबतात, तेथे चारा लागतो, नाल ठोकणारा लागतो, दोरखंड, पानसुपारी, भाकरी लागते. बाजार असाच वसतो. आपल्यातले बागवान, अत्तार, तांबोळी, मणेर, पिंजारी, शिकलगार हे सारे अशाच रहदारीच्या गावांत स्थिरावले, हा काही योगायोग नव्हे. त्यांच्या धंद्याला शेतापेक्षा रस्ता जास्त जवळचा.

रस्त्याने आलेला धंदा दुसऱ्या वाटेने जाऊही शकतो. १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली, तेव्हा कोल्हापूरच्या मालाला पुण्या-मुंबईकडे जाणारी नवी वाट मिळाली. त्या काळच्या राज्यकर्त्यांनी हे लगेच ओळखले. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तेथे आणला. स्टेशनाजवळ जागा, आखीव पेठ, गाडी उभी करण्यापुरती मोकळीक, एवढ्यावर कोल्हापुरी गुळाचे नाव देशभर झाले. १९१७ मध्ये वसवलेल्या जयसिंगपूरचेही तेच. आधी सरळ, रुंद रस्ते आखले आणि मग व्यापाऱ्यांना बोलावले.

पुढच्या काळाचा दाखला तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित या औद्योगिक वसाहती पाहा. तिन्ही पुणे-बंगळूर महामार्गाच्या आसपास आहेत. १९६२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ भूखंड देण्याआधी रस्ते, पाणी आणि वीज यांची सोय करते, आणि तो खर्च भूखंडाच्या किमतीत व सेवाशुल्कात धरला जातो. म्हणजे तेथे कारखानदार रस्त्याचे पैसे देतोच, पण आपण काय घेतो आणि कशाचे पैसे देतो हे त्याला आधी ठाऊक असते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचाच उपयोग होणार आहे.

रस्ता कोणाचा, पैसा कोणाचा

रस्त्याबद्दल तक्रार करताना आपण बहुधा चुकीच्या दारात जाऊन उभे राहतो. सगळे रस्ते एकाच मालकीचे नसतात. १९४३ च्या नागपूर योजनेने देशातल्या रस्त्यांची वर्गवारी पक्की केली. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, ग्राममार्ग अशी ती उतरंड आहे. मलकापुरातून जाणारा कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याचा जुना क्रमांक २०४, आताचा १६६. त्याच्या रुंदीबद्दल किंवा खड्ड्यांबद्दल नगराध्यक्षांशी भांडून उपयोग नाही, कारण तो नगरपरिषदेचा रस्ताच नव्हे. नगरपरिषदेच्या हातात असतात ते महामार्गापासून पेठेत, वाड्यात, मोहल्ल्यात आणि कारखान्याच्या शेडपर्यंत जाणारे छोटे रस्ते.

मोठ्या रस्त्याला पैसा कोठून येतो? याचे उत्तर घडवण्यात एका मराठी माणसाचा वाटा आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने सुचवले की, पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा. त्यातून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ता निधी निघाला. अमेरिकेतील ओरेगन राज्याने हाच मार्ग १९१९ मध्ये धरला होता. जो रस्ता वापरतो त्याने त्याचे मोल द्यावे, हे तत्त्व त्यामागे आहे. आजही टेम्पोत डिझेल भरताना प्रत्येक व्यापारी रस्त्याचे पैसे भरत असतो. वेगळी पावती मिळत नाही, इतकेच.

छोट्या रस्त्याची गोष्ट निराळी. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने रस्ते आणि पूल हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला. काम सोपवले, पण तिजोरी त्या मानाने भरली नाही. एके काळी नगरपालिकांचा मोठा आधार जकात होता. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. नाक्यावरची अडवणूक थांबली म्हणून व्यापाऱ्यांना आनंद झाला आणि तो योग्यच होता. पण त्या दिवसापासून गावाच्या हातातला स्वतःचा पैसा गेला आणि शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसणे आले. आता छोट्या नगरपरिषदेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, बाजार फी आणि बांधकाम परवानगीच्या वेळी घेतले जाणारे विकास शुल्क. बाकी सारे वित्त आयोगाचा निधी, नगरोत्थान योजना, विशेष रस्ता अनुदान अशा वरून येणाऱ्या पैशावर. अल्पसंख्याक विकास विभागाकडूनही अल्पसंख्याकबहुल नागरी वस्त्यांत मूलभूत सोयींसाठी निधी मिळतो, आणि रस्ता व गटार ही त्यात बसणारी कामे आहेत. मागणी करणारे कोणी नसेल तर तो निधी दुसऱ्या गावाला जातो.

कोल्हापूरचा धडा

स्वतःजवळ पैसा नाही आणि रस्ते तर हवेत, अशा वेळी काय करावे? कोल्हापूर महापालिकेने २००८ मध्ये एक मार्ग निवडला. राज्य रस्ते विकास महामंडळाला बरोबर घेऊन आयआरबी कंपनीशी करार झाला. सुमारे ५० किलोमीटरचे शहरातले रस्ते, २२० कोटींचा प्रकल्प. कंपनीने पैसा घालून रस्ते बांधायचे आणि ३० वर्षे टोल घेऊन तो वसूल करायचा, अशी ही ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धत. कागदावर योजना आकर्षक होती. महापालिकेला एकदम मोठी रक्कम उभी करावी लागत नव्हती आणि शहराला काँक्रीटचे रुंद रस्ते मिळणार होते.

अडचण वसुलीत निघाली. हे रस्ते एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारे नव्हते. घरून दुकानात, दुकानातून मार्केट यार्डात, उद्यमनगरातून शिरोलीला जाण्याचे ते रोजचे रस्ते होते. शहराच्या प्रवेशांवर नाके उभे राहिले, म्हणजे स्वतःच्याच गावात शिरताना पैसे द्यायचे. गाडीचा क्रमांक कोल्हापूरचा असला तरी टोल लागू. त्यात कामाच्या दर्जाबद्दल आणि अपुऱ्या राहिलेल्या कामांबद्दल तक्रारी आल्या. सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली. प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे ज्येष्ठ नेते तिच्यात होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी २०१४ मध्ये उपोषणे झाली आणि संतापलेल्या जमावाने नाके जाळले. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये शासनाने कोल्हापूरचा टोल रद्द करण्याची घोषणा केली आणि कंपनीच्या भरपाईची जबाबदारी आपल्याकडे घेतली.

या लढ्यात कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांची एकजूट दिसली आणि तिचे कौतुक झालेच पाहिजे. तथापि हिशेब तेवढ्यावर मिटत नाही. टोल गेला म्हणजे रस्ता फुकट झाला असे नव्हे. भरपाई राज्याच्या तिजोरीतून द्यायची म्हणजे ती गडचिरोलीच्या शेतकऱ्यानेही दिली आणि मलकापूरच्या दुकानदारानेही. आमच्या मते खरी चूक टोलच्या दरात नव्हती. करार करतानाच, कोणते रस्ते, कोणासाठी, किती खर्चाचे आणि पैसे कोण देणार, हे गावासमोर मोकळेपणाने मांडले गेले नाही, ही ती चूक. औद्योगिक वसाहतीतला कारखानदार भूखंड घेताना जे आधी जाणतो, ते कोल्हापूरच्या नागरिकाला नाक्यावर गाडी अडली तेव्हा कळले. जे आधी विचारून घेतले जात नाही, ते पुढे दारात अडवून वसूल होते.

कारागिराच्या वहीतला हिशेब

आता हे सारे आपल्या शेडपर्यंत आणून पाहू. समजा, एका वेल्डिंगच्या कारखान्याला आठवड्यातून दोनदा लोखंड येते. शेडपर्यंतची वाट अरुंद आणि खचलेली, म्हणून ट्रक आत येत नाही. माल महामार्गावर उतरवायचा आणि छोट्या टेम्पोतून आत न्यायचा. जादा टेम्पो आणि जादा हमाली मिळून एका खेपेला ८०० रुपये धरले, तर आठवड्याला १,६०० आणि वर्षाला ८३,२०० रुपये होतात. हे आकडे आम्ही उदाहरणादाखल धरले आहेत, प्रत्येकाने आपापले घालून पाहावेत. गादीवाल्याचा कापूस भिजतो, बेकरीवाल्याचा माल हादऱ्याने तुटतो, फळवाल्याची पेटी दबते, काचेच्या बांगड्यांचे तर विचारूच नका. हा तोटा वहीत कोठेही वेगळा लिहिलेला नसतो. तो नफ्यातून गुपचूप वजा होतो आणि आपण मात्र धंद्यात बरकत राहिली नाही असे म्हणत राहतो.

अशा दहा कारखान्यांचा तोटा एकत्र केला म्हणजे दोन-तीनशे मीटरच्या छोट्या रस्त्याचा प्रश्न केवढा मोठा आहे हे ध्यानात येते. घाटातला महामार्ग कितीही रुंद झाला तरी शेवटचे तीनशे मीटर खराब असतील तर मोठी गाडी दाराशी येणार नाही. म्हणून मलकापूरसारख्या गावाने शहरांच्या धर्तीवर मोठे प्रकल्प काढण्याच्या फंदात पडू नये. जो थोडा पैसा स्वतःच्या हातात आहे, तो महामार्ग ते पेठ आणि महामार्ग ते शेड या शेवटच्या तुकड्यांवर घालावा. उद्योगाला उत्तेजन देण्याचा याहून स्वस्त उपाय छोट्या नगरपरिषदेजवळ नाही.

यात पावसाचा विचार आधी करावा लागतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या या तालुक्यात पाऊस दांडगा. रस्ता चाकाने जितका खराब होतो, त्याहून अधिक पाण्याने होतो. बाजूला गटार नाही, मध्यभागी पुरेसा उंचवटा नाही आणि खालचा मुरूम नीट दाबलेला नाही, तर वरचे डांबर कितीही काळेभोर दिसले तरी पहिल्या पावसाळ्यातच उखडते. काँक्रीटला सुरुवातीला खर्च जास्त, पण पाणी साचणाऱ्या आणि जड गाड्या वळणाऱ्या जागी तेच परवडते. आणि काहीही करायचे तरी पाण्याची पाइपलाइन व गटार आधी, रस्ता नंतर. आज रस्ता आणि उद्या पाइपसाठी चर खोदणे, ही उधळपट्टी आपण कितीतरी गावांत पाहतो.

महामार्ग रुंद होतो तेव्हा

रत्नागिरी-कोल्हापूर महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आले. आंबा ते पैजारवाडी आणि तेथून पुढे चोकाक असे ते टप्पे आहेत. कोकणातले बंदर आणि देशावरचा माल यांना जोडणारा हा रस्ता मोठा झाला तर जिल्ह्याच्या उद्योगाला त्याचा फायदा आहे, याबद्दल दुमत नसावे. पण मोठा रस्ता छोट्या दुकानदाराला दोन प्रकारे धक्का देतो. रस्ता गावातून गेला तर दुकान तुटते आणि गावाबाहेरून गेला तर गिऱ्हाईक तुटते. महामार्गावरच्या प्रत्येक बाजारगावाने या दोन्हींची तयारी ठेवलेली बरी.

येथे एक कायदा आपल्या कारागिरांना ठाऊक असलाच पाहिजे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ‘बाधित कुटुंब’ म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. स्वतःची जमीन नसलेले, पण संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करून पोट भरणारे भाडेकरू व कारागीर यांचाही त्या व्याख्येत समावेश आहे. कारागीर, छोटे व्यापारी आणि स्वयंरोजगार करणारे यांच्या बाधित कुटुंबाला एकरकमी किमान २५,००० रुपये मदत देण्याची तरतूद त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०१५ पासून मोबदल्याच्या व पुनर्वसनाच्या या तरतुदी राष्ट्रीय महामार्गांनाही लागू करण्यात आल्या. हातगाडीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा वेगळा आहे. सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि विक्रीची ठरलेली जागा, या गोष्टी त्यात येतात.

हक्क कायद्यात असून भागत नाही, तो कागदावर दाखवता आला पाहिजे. आपल्यातले कित्येक जण तोंडी करारावर वर्षानुवर्षे गाळा चालवतात. भाडे रोख, पावती नाही, परवान्याचे नूतनीकरण नाही, वीजमीटर मालकाच्या नावावर. मग मोजणीदार येतो तेव्हा हे दुकान कागदावर दिसतच नाही. भाडेपावती, दुकानाची नोंदणी, धंद्याचे उद्यम प्रमाणपत्र आणि वीजबिल एका फायलीत लावून ठेवायला एक दुपार पुरते.

आपण काय करावे

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना आमच्या सूचना अशा :

१. आपल्या दुकानापुढचा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, हे आधी माहीत करून घ्यावे. अर्ज योग्य कार्यालयात गेला तर निम्मे काम झाले.

२. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक १ एप्रिलच्या आधी मंजूर होते. रस्त्याची मागणी दिवाळीनंतर लगेच, लेखी आणि अनेकांच्या सहीने द्यावी. पावसाळ्यातल्या ओरडीला अंदाजपत्रकात जागा नसते.

३. मागणीसोबत हिशेब जोडावा. या रस्त्यावर किती कारखाने, किती कामगार, रोज किती गाड्या आणि किती जादा हमाली पडते, हे एका कागदावर लिहिले तर नगरसेवकालाही सभागृहात बोलायला आधार मिळतो.

४. काम सुरू झाले की अंदाजपत्रकाची प्रत मागावी. किती जाडीची खडी, किती लांबीचे गटार, ठेकेदाराने किती वर्षे दुरुस्ती करून द्यायची, हे त्यात लिहिलेले असते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ही प्रत मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.

५. रस्त्याची रुंदी आपणच राखावी. पायरी पुढे, छत पुढे, मालाची रास पुढे करून आपण वाट अरुंद करतो आणि मग ट्रक येत नाही म्हणून तक्रार करतो. सकाळी माल उतरवण्याची ठराविक वेळ बाजाराने मिळून ठरवली तर अर्धी कोंडी विनाखर्च सुटते.

६. घरपट्टी व गाळेभाडे वेळेवर भरावे. थकबाकीदाराचा आवाज सभागृहात चढत नाही. शिवाय गावाच्या तिजोरीत स्वतःचा पैसा असेल तरच गाव स्वतःच्या मर्जीचा रस्ता करू शकेल.

शेवटची सूचना काहींना कडू लागेल, याची आम्हास कल्पना आहे. पण कर चुकवून वाचवलेला पैसा आपल्याच टेम्पोच्या पाट्यांत आणि हमालीत जातो, हे वरच्या हिशेबाने स्पष्ट झाले असेल. सार्वजनिक पैसा ही अमानत आहे. ती देणाऱ्याने प्रामाणिकपणे द्यावी, घेणाऱ्याने चोख हिशेब द्यावा आणि तो हिशेब मागण्याचा संकोच कोणी करू नये. कोल्हापूरने टोलनाक्यावर जे भांडण केले, ते मलकापूरला अंदाजपत्रकाच्या सभेतच करता येईल, तेही शांतपणे आणि फार थोड्या खर्चात. महामार्ग दिल्ली-मुंबईत ठरतो. महामार्गापासून आपल्या दारापर्यंतचा रस्ता मात्र मलकापुरातच ठरतो, आणि तो ठरवताना आपले व्यापारी-कारागीर हजर असले पाहिजेत.